एक नंबर

गुरुवारी नम्रताने माझ्या डोळ्यांवर नॅपकिन बांधला आणि म्हणाली, "सर, हसू नका, गाठ सुटते." मी हसत नव्हतो. कॉन्फरन्स रूममध्ये आम्ही दोघंच होतो. बाकीचे बाहेर आपापल्या पाळीची वाट बघत उभे. नम्रता आमच्या ऑफिसचे कागद सांभाळते, म्हणून निःपक्षपाती. ती माझ्या हातात एकामागून एक दोन डबे देणार होती आणि मी त्यातला एक निवडायचा होता, नुसत्या हाताने. डबा म्हणजे आमचं यंत्र. दोन्ही हातांत धरून गेम खेळायचा छोटा कॉम्प्युटर, मधे पडदा आणि दोन्हीकडे बटणं. कंपनीने त्याला काहीतरी इंग्रजी नाव दिलंय, पण बिबवेवाडीत, साड्यांना फॉल-पिको करणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, तो पहिल्या दिवसापासून डबाच आहे. पहिला डबा आला. धरला, बोटं मागे गेली, ठीक वाटलं. मग दुसरा आला आणि काय सांगू, हात त्याच्यावर बसला. दमून घरी आल्यावर माणूस आपल्या खुर्चीत बसतो तसा बसला. "हा," मी म्हणालो. विचार न करता म्हणालो, हीच तर गंमत. नम्रताने कागदावर टिक केली. मी नॅपकिन वर सरकवला आणि डबा उलटा केला. बुडाशी गोल स्टिकर होतं आणि त्यावर दोनचा आकडा. एक नंबर माझा होता. दोन नंबर शेफालीचा.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. मागच्या बाजूच्या दाण्याचा, म्हणजे प्लॅस्टिकवरच्या खरखरीचा तर प्रश्न होता. आकार तोच, रंग तोच, प्लॅस्टिक तेच. हो, प्लॅस्टिकही मीच ठरवलेलं. आमच्या श्रीधर सरांना, म्हणजे मालकांना, मॅग्नेशियमची बॉडी हवी होती. हातात घेतल्यावर थंडगार लागलं पाहिजे, भारी वाटलं पाहिजे. मी म्हटलं, सर, अर्धा तास गेम खेळल्यावर ते थंडगार राहत नाही, तवा होतो. दोन महिने भांडलो मी त्यावर. करंगळी कुठे टेकेल, गरम हवा कुठून बाहेर पडेल म्हणजे तळव्यावर येणार नाही, वरचं बटण दाबल्यावर टिक्‌ व्हावं की टप्‌ व्हावं, हे सगळं माझं. स्क्रू झाकायचे नाहीत, दिसू द्यायचे, माणसाला उघडता आलं पाहिजे, हेही माझं. पण यातलं काही हाताला कळत नाही. हाताला कळतो तो फक्त दाणा. साच्याच्या पोलादावर ॲसिडने बारीक खरखर कोरतात, ती प्लॅस्टिकवर उतरते, आणि आठ बोटं तासन्‌तास त्याच्यावर असतात. बावीस वर्षं मी हेच करतोय. मिक्सर, रिमोट, पाण्याचे फिल्टर, इस्त्रीच्या मुठी. तुमच्या स्वयंपाकघरात आत्ता माझा एखादा दाणा नक्की असेल. तुम्हाला माहीत नाही, आणि माहीत असायचं कारणही नाही. पण डबा वेगळा होता. मिक्सर कोणी कौतुकाने कुरवाळत नाही. डब्याला पोरं कुरवाळणार होती, त्याच्यावर तास तास बोलणारे व्हिडिओ करणार होती, आणि त्यात एक वाक्य मागच्या बाजूबद्दल असणार होतं. ते एक वाक्य मला पाहिजे होतं. सरळ सांगतो. बावीस वर्षांत एक वाक्य, जास्त नाही.

आणि जळतो मी. तेही सरळ सांगतो, आडवळणं कशाला. शेफाली सव्वीस वर्षांची आहे, डिझाईनच्या कॉलेजातून आली, मांजरी गावची. वडील हिंदुराव, त्यांची उसाची जमीन होती. आता अर्ध्या जमिनीवर बिल्डरचे टॉवर उभे आहेत आणि अर्ध्यात अजून ऊस आहे. म्हणजे नोकरी केली काय आणि न केली काय, पोरीचं काही अडत नाही, आणि तरी ती सगळ्यांच्या आधी येते, हा आणखी एक त्रास. माझ्याकडेच दिली तिला श्रीधर सरांनी. "अहो उत्तरेश्वर, हिला जरा शिकवा. कॉलेजात यांना सगळं शिकवतात, फक्त काम शिकवत नाहीत." मी शिकवलं. चांगलं शिकवलं, यात खोट काढू देणार नाही कुणाला. पहिल्याच आठवड्यात तिला मंडईत घेऊन गेलो होतो. म्हटलं, पुस्तकं ठेव बाजूला, लोकांचे हात बघ. भाजी घेणारी बाई बोलत असते विकणारीशी, बघत असते तिसरीकडे, आणि हात आपला वांगी निवडत असतो. डोळा फसतो, हात नाही. मी एक वांगं उचलून तिला दाखवायला अंगठ्याने दाबलं, तर वेणूबाई, तिच्याकडून आम्ही वर्षानुवर्षं भाजी घेतो, म्हणाली, "साहेब, घ्यायचंय का बघायला आलाय? स्थळ नाहीये ते." शेफाली इतकी हसली की पिशवी पडली हातातून. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. वाटलं, आपल्याकडे आहे बुवा काहीतरी देण्यासारखं. आणि गेल्या सोमवारी मीटिंगमध्ये हीच पोरगी उभी राहून म्हणते कशी, "सर, आपण डोळे बांधून टेस्ट घेऊ या का? डोळे फसतात, हात नाही फसत." श्रीधर सर म्हणाले, "वा! हे सुचलं कसं तुला?" तिने माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, ती सांगणारच होती कदाचित, पण सर पुढच्या विषयावर गेलेसुद्धा. आता यात तिची चूक काय? काही नाही. चूक असती तर बरं झालं असतं. चूक असलेल्या माणसावर जळायला सोपं जातं.

तिचा दाणा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हटलं होतं, मळ धरेल. कागदावर तो वेड्यासारखाच दिसत होता. माझा एक नंबर सगळीकडे सारखा, बारीक, आवरलेला, घाम आला तरी न घसरणारा, पुसला की स्वच्छ. तिचा बोटांच्या टोकांशी चांगला खरखरीत, आणि मग तळव्याकडे येता येता मंदावत, मंदावत, कुठे संपला ते कळू न देता गुळगुळीत. मी विचारलं, कुठून काढलंस हे? तर बॅगेतून कोयता काढला. ऊस तोडायचा कोयता, ऑफिसात! पातं फडक्यात गुंडाळलेलं, मूठ उघडी. "बाबांचा आहे सर. तीस वर्षांची मूठ आहे. बघा ना, जिथे तळवा घासतो तिथे गुळगुळीत झालीय आणि जिथे बोटं नुसती धरतात तिथे लाकूड अजून तसंच आहे. म्हणजे हातानेच सांगितलंय की त्याला कुठे काय पाहिजे." मी ती मूठ धरली. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात काय यावं? माझे वडील. धाराशिवला तहसील कचेरीत शिपाई होते. तीस वर्षं त्यांनीही हातात धरलं, पण काय धरलं, तर साहेबाच्या फायली आणि चहाचा ट्रे. त्याच्यावर हाताचा ठसा उमटत नाही. ट्रे तर साहेब बदलला की नवा यायचा. मला घरून मूठ मिळाली नाही. जे आलं ते पुस्तकातून, लेथवर उभं राहून, दुसऱ्यांच्या शिव्या खाऊन आलं. आणि ही पोरगी बापाच्या कोयत्यातून अख्खा दाणा काढून घेऊन येते, आणि म्हणते, बघा ना सर. एकदा मी मांजरीला तिच्या घरी गेलो होतो तेव्हा हिंदुरावांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरून सांगितलं होतं, "पोरीचं गुरू तुमीच हाय साहेब. आमाला काय कळतंय त्यातलं." त्या हातांचा तळवा मला अजून आठवतो. तो गुळगुळीत होता. मी मूठ परत दिली आणि म्हणालो, "मळ धरेल." ती म्हणाली, "धरू दे की सर. धुता येतो."

तर शुक्रवारी. शुक्रवारी दुपारी श्रीधर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांना बंगळूरला जायचं होतं, बॅग भरलेली होती, गाडी खाली उभी होती आणि त्यांच्या हातात दोन नंबरचा डबा होता. मला बुडाचं स्टिकर दिसत होतं. त्यांनी स्पीकरवर संतोषला फोन लावला. संतोषचं हडपसरला वर्कशॉप आहे. साच्यावर दाणा तोच मारतो, आणि त्याच्याइतकं स्वच्छ काम पुण्यात दुसरं कोणी करत नाही. आमचे दोन्ही नमुने त्याच्याकडे होते, एक आणि दोन असे आकडे टाकून. सर म्हणाले, "संतोष, ठरलं बाबा. काय चीज आहे! एक नंबर! हातातून सोडवत नाही. एक नंबर!" पलीकडून संतोष म्हणाला, "बरं सर. एक नंबर घेतो मग. सोमवारी मारू?" सर बॅगेची चेन लावत होते. "हो हो, सोमवारी मारून टाका. उत्तरेश्वर येतील सहीला," म्हणाले आणि फोन बंद केला. इकडे कौतुक झालं आणि तिकडे ऑर्डर गेली. पुण्याच्या बाहेरच्या कुणाला हे समजावून सांगताना घाम फुटेल, पण आपल्याकडे मिसळ एक नंबर असते, सून एक नंबर असते, आणि आता शेफालीचा दोन नंबरचा दाणा एक नंबर झाला होता. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. आणि जांभई दिली. "झोप काढा जरा शनिवार-रविवार," सर म्हणाले, "आणि शेफालीला तुम्हीच सांगा. तुमच्या तोंडून ऐकायला आवडेल तिला." जिना उतरून ते गेलेही. मी केबिनमध्ये तसाच उभा राहिलो. मी काहीच केलं नव्हतं. लक्षात घ्या, मी खोटं बोललो नव्हतो, आकडा बदलला नव्हता, कुणाला फोन केला नव्हता. नुसता गप्प बसलो तर माझा दाणा पोलादात उतरणार होता. आणि पोलाद एकदा ॲसिडने खाल्लं की खाल्लं, ते भरून काढत बसायला आमच्याकडे वेळ नव्हता. बोभाटा झाला असता तर तो संतोषच्या नावाने झाला असता, नाहीतर सरांच्या. बाहेर आलो तर शेफाली उभी. "सर, काही ठरलं?" "संतोषला फोन झालाय. बघू." यातही खोटं काय आहे सांगा.

शनिवार मी चांगला घालवला. मुद्दाम सांगतो, कारण लोकांना वाटतं अशा वेळी माणसाला अन्न गोड लागत नाही. मला लागलं. सकाळी पोहे खाल्ले, स्कूटर धुतली, दोन वाजता चांगला झोपलो. मनात सारखं ते एक वाक्य रचत होतो, कुठला तरी पोरगा कॅमेऱ्यासमोर डबा उलटा करून म्हणेल ते. मग तो पोरगा डोळे मिटायचा. दर वेळी मिटायचा, मी सांगितलेलं नसताना, आणि पुढचं वाक्य काही बोलायचाच नाही. रविवारी सकाळी रुपालीने, माझ्या बायकोने, धिरडी केली आणि ताटात काकवी वाढली. "ही कुठून आणलीस?" "अहो, शेफालीने नाही का दिली गेल्या आठवड्यात. त्यांच्याकडच्या गुऱ्हाळातली. बाटली भरून दिलीय." मी बोट बुडवून चाटलं. काकवीही चांगली असावी, म्हणजे काय बोलायचं माणसाने! "तिचं काय झालं हो त्या दाण्याचं? लागला का नंबर?" रुपालीने विचारलं. मी म्हणालो, "साहेबांना आवडला." "अय्या! मग सांगताय काय असे, कुणी गेल्यासारखे? तुम्हाला आनंद नाही झाला?" "झाला की." ती तवा उतरवून माझ्याकडे बघत राहिली. सतरा वर्षं झाली लग्नाला. "शिकवलंत तुम्ही तिला," ती म्हणाली. "माझी मैत्रीण आहे ना सुशीलाबाईंकडे गाणं शिकणारी, तिला बक्षीस मिळालं तर बाई स्टेजवर रडल्या होत्या." मी म्हणालो, "बाई रडल्या त्या कशाने, हे विचारलं का कुणी?" रुपालीने ताटात आणखी एक धिरडं टाकलं, मी नको म्हणत असताना. दुपारी शेफालीचा मेसेज आला: सर काही कळलं? मला परीक्षेच्या रिझल्टसारखं होतंय. मी तो वाचला आणि फोन पालथा ठेवला. फोनच्या पाठीवर माझी बोटं होती, आणि कवर कुणीतरी अत्यंत गाढवपणाने निवडलेलं होतं. ते मीच निवडलं होतं.

सोमवारी सकाळी हडपसरला गेलो. संतोषचं वर्कशॉप इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मागच्या गल्लीत आहे, दारातच ॲसिडचा वास घशाला लागतो. डब्याच्या पाठीचा साचा टेबलावर मांडलेला, धुतलेला, कोरडा, आरशासारखा चकचकीत, आणि ज्या जागी दाणा मारायचा नाही तिथे टेप लावलेला. शेजारी दोन नमुने. संतोष हातमोजे चढवत म्हणाला, "या उत्तरेश्वर साहेब. एक नंबरच ना? कार्डावर सही करा म्हणजे आधी पट्टीवर मारून बघतो, मग साच्याला हात लावतो." कार्डावर त्याने लिहिलेलं होतं: नमुना १. मी पेन काढलं. टोपण काढलं. आणि मग साच्यात बोट फिरवलं, नेहमीची सवय. ते पोलाद इतकं गुळगुळीत होतं की बोटाला त्याचा अंत लागेना. मला पोलादाची दया वगैरे आली म्हणाल तर तसलं काही नाही. मला एवढंच दिसलं की एक डबा नाही, हजारो डबे, आणि प्रत्येकावर आठ बोटं, आणि त्या सगळ्या बोटांना मनातल्या मनात माहीत असणार की यापेक्षा बरं काहीतरी होऊ शकलं असतं. जसं माझ्या बोटांना गुरुवारपासून माहीत होतं. डोळे न मिटताही माहीत होतं. मिक्सर असता तर केली असती सही. खरंच केली असती. "संतोष," मी म्हणालो, "एक नाही. दोन." "दोन? अहो, साहेब स्वतः म्हणाले ना फोनवर, दोनदा म्हणाले, एक नंबर." "ते कौतुक होतं." संतोषने माझ्याकडे बघितलं, मग नमुन्यांकडे बघितलं, मग असा हसायला लागला की हातमोज्याने डोळे पुसायला निघाला आणि मीच त्याचं मनगट धरलं. "मारलाच असता साहेब! मेलो असतो आज. बरं झालं तुम्ही आलात. दुसरा कुणी असता ना, तर सही करून चहा पिऊन गेला असता." त्याने १ खोडून २ लिहिलं. मी सही केली.

मला वाटलं होतं, आता हलकं वाटेल. कसलं हलकं? बाकड्यावर बसून चहा प्यायलो आणि पोटात तीच आग, उलट आता तिला सरपण घालायला माझं स्वतःचं काहीच शिल्लक नव्हतं. मी तिचा दाणा वाचवला होता आणि हे कुणाला कधी कळणार नव्हतं, कारण सांगायचं तर आधी तीन दिवसांचं गप्प बसणं सांगावं लागलं असतं. दोन तासांनी संतोष पट्टी घेऊन आला. हाताएवढा पोलादाचा तुकडा, दोन नंबर त्यावर उतरलेला. मी अंगठा फिरवला. खरखर, मग कमी, मग कमी, मग काही नाही. सुंदर होतं. संतोषच्या भिंतीवर अशा पट्ट्या टांगलेल्या असतात, चाळीसेक असतील, प्रत्येकीखाली पांढरी चिकटपट्टी आणि त्यावर ज्याचं काम त्याचं नाव. पुण्यातले साचेवाले, डिझाईनवाले येतात आणि ती भिंत बघत उभे राहतात. सहा पट्ट्या माझ्या आहेत. संतोषने खिळा ठोकला, पट्टी टांगली, मार्करचं टोपण दातांनी काढलं आणि म्हणाला, "कुणाचं हो हे? विचारायचं म्हणून विचारतो. हात तुमचाच आहे, लगेच कळतो."

हात माझाच आहे. मी शिकवला तिला. मंडईत मी नेलं. मळ धरेल म्हणून मीच तो तीनदा बारीक करायला लावला, त्यामुळेच तो असा झाला. दोन तासांपूर्वी मीच नव्हता का तो वाचवला? ही सगळी वाक्यं माझ्याकडे तयार होती, पण संतोषने त्यातलं एकही विचारलं नव्हतं. त्याने नाव विचारलं होतं. "माझं," मी म्हणालो. त्याने लिहिलं. अक्षर चांगलं आहे त्याचं. तेवढ्यात फोन वाजला, शेफालीचा मेसेज: सर प्लीज सांगा ना, श्रीधर सर फोन उचलत नाहीयेत. मी लिहिलं: तुझाच घेतला. आत्ता मारला पट्टीवर. तिने लगेच फोनच केला. म्हणाली, "सर, तुमच्यामुळे झालं हे. खरंच सांगते. मला माहितेय तुम्हाला तुमचा हवा होता. मी असते ना तुमच्या जागी, तर मला नसतं जमलं." मी म्हणालो, "बरं बरं, कामाला लाग." "सर, एक फोटो पाठवा ना पट्टीचा. बाबांना दाखवायचाय. ते इथेच आलेत, शेजारी उभे आहेत."

फोन ठेवला. संतोष आत गेला होता साच्याकडे. मी भिंतीसमोर उभा राहिलो. जवळून घ्यावा तर दाणा दिसत नव्हता, नुसतं चमकत होतं. उजेड येईल असा घ्यावा तर खालची चिकटपट्टी येत होती, ताज्या शाईत. उजव्या हातात फोन धरला, डाव्या हाताने पट्टी खालून उचलून धरली, जणू ती हलू नये म्हणून, आणि फोटो काढला. पाठवला. तिने पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या. बराच वेळ ती काहीतरी लिहीत असल्याचं दिसत होतं, थांबत होतं, पुन्हा दिसत होतं. मग आलं: बाबा म्हणतायत लई भारी. सर, खाली नाव लिहिलंय तिथे नेमका तुमचा अंगठा आलाय. परत काढा ना एक.